शवपेटीची साखळी आणि माइकची सावली

‘डार्क शॅडोज’ या जुन्या अमेरिकी भुताटकीच्या मालिकेचा २१०वा भाग. कॉलिन्स घराण्याच्या थडगेघरात विली लूमिस नावाचा एक भुरटा माणूस दागिन्यांच्या आशेने शिरलाय. भिंतीआड गुप्त खोली निघते, खोलीत शवपेटी, पेटीभोवती साखळ्या. तो त्या सोडवतो, झाकण उचलतो, आणि आतून एक हात येऊन थेट त्याचा गळा धरतो. हातात काळ्या खड्याची मोठी अंगठी. चेहरा दिसत नाही. १७ एप्रिल १९६७ची ही दुपार. दुसऱ्या दिवशीच्या भागात संध्याकाळी कॉलिनवूडच्या, म्हणजे घराण्याच्या वाड्याच्या, दारावर थाप पडते आणि खांद्यावर केप, हातात चांदीच्या लांडगामुठीची काठी, कपाळावर कातरलेल्या बटा असा एक अदबशीर गृहस्थ ‘मी इंग्लंडचा चुलतभाऊ’ म्हणत आत येतो. बार्नाबस कॉलिन्स.

पहिल्यांदा पाहताना ती साखळी म्हणजे नुसतं कुलूप असतं. विली ते कधी उघडतो, एवढाच जीव टांगलेला. मालिका एकदा पूर्ण पाहून पुन्हा इथे आलं की मात्र त्या साखळीवरून नजर हलत नाही. कारण आता ठाऊक असतं की ती बापाने घातलीय. १७९५च्या कथानकात जोशुआ कॉलिन्सला आपला मुलगा पिशाच झाल्याचं कळतं. त्याला संपवणं हाच एक मार्ग असतो आणि नेमकं तेच त्याच्या हातून होत नाही. शेवटी तो पेटी साखळ्यांनी बंद करून घेतो आणि मुलगा इंग्लंडला गेला असं जगाला सांगतो. पावणेदोनशे वर्षं जी गोष्ट टिकली ती एका म्हाताऱ्याची माया होती, आणि विली ती तोडतोय.

गंमत पुढेच आहे. एप्रिल १९६७मध्ये लिहिणाऱ्यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. बार्नाबस काही आठवडे राहणार, मग त्याच्या छातीत खुंटी ठोकून त्याला संपवणार, असा साधा हिशोब होता. पेटीला साखळी होती कारण पिशाचाच्या पेटीला साखळी शोभते. तिला बाप मिळाला तो जवळजवळ वर्षाने. रोज एक भाग लिहून देणाऱ्यांचं हेच कसब असतं, आधी वस्तू ठेवून द्यायची, कारण मागाहून शोधायचं. ही मालिका दुसऱ्यांदा पाहण्यातली सगळी मजा या मागाहून सुचलेल्या कारणांमध्ये आहे.

ज्यांनी ती पाहिलेलीच नाही त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१, सोमवार ते शुक्रवार, दुपारी अर्धा तास ही मालिका चालत असे. निर्माता डॅन कर्टिस. त्याला पडलेल्या स्वप्नातली आगगाडीत बसलेली, अनोळखी वाड्यात नोकरीला निघालेली मुलगी हे तिचं मूळ. गाव कॉलिन्सपोर्ट, राज्य मेन, समुद्रकाठचा कडा, कड्यावर वाडा. वाड्याचं बाहेरचं दर्शन ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या सीव्ह्यू टेरेस या खऱ्या इमारतीचं. बार्नाबस जिथे राहतो ते ‘ओल्ड हाउस’ म्हणजे न्यूयॉर्कजवळ टॅरीटाउनच्या लिंडहर्स्ट इस्टेटीवरचं एक ओसाड घर. ते १९६९मध्ये जळालं. बाकी सगळं, म्हणजे दिवाणखाना, जिना, स्मशान, जंगल आणि कड्याचं टोकसुद्धा, मॅनहॅटनमधल्या स्टुडिओत प्लायवूडवर उभं. मालिका सुरू झाली तेव्हा तिच्यात भुतं जवळपास नव्हतीच. प्रेक्षकही फारसे नव्हते. बंद पडायची वेळ आली तेव्हा कर्टिसने ‘बुडायचंच आहे तर हौस तरी फिटू दे’ अशा बेताने पिशाच आणलं. शाळा सुटल्यावर धावत घरी येणारी पोरं ही मग तिची सगळ्यात मोठी सेना झाली.

आता हिशोब. एकूण भाग १२२५. जाहिराती वगळून एक भाग सुमारे २२ मिनिटांचा, म्हणजे सगळं मिळून साडेचारशे तासांच्या आसपास. रोज दोन भाग पाहिले तरी वीस महिने लागतात. शेवटच्या भागावर क्रमांक मात्र १२४५ आहे, आणि पुन्हा पाहायला बसलेला प्रत्येक जण कधी ना कधी या वीस भागांच्या शोधात रात्र घालवतो. ते हरवलेले नाहीत, ते कधी झालेच नाहीत. शुक्रवारच्या भागाचा क्रमांक पाचाने भागला जावा अशी निर्मात्यांची सोय होती. एखाद्या दिवशी काही कारणाने कार्यक्रम दाखवला गेला नाही की तो क्रमांकच गाळून पुढे जात. त्यामुळे यादीत मध्येच एक आकडा नाही असं दिसलं की निर्धास्त पुढे जावं. या पद्धतीचा एक फायदाही आहे. पाच किंवा शून्यावर संपणारा क्रमांक बहुतेक वेळा शुक्रवारचा, आणि शुक्रवारी प्रेक्षकाला तीन रात्री लटकवायचं असल्याने भागाचा शेवट हमखास जोरदार. वेळ कमी असेल तेव्हा आठवड्याचा चौथा आणि पाचवा भाग पाहिला तरी गोष्ट फारशी निसटत नाही.

निसटत नाही, कारण इथे प्रत्येक गोष्ट चारदा सांगितली जाते. वाड्याची मालकीण एलिझाबेथ भाऊ रॉजरला सांगते, रॉजर भाची कॅरोलिनला, कॅरोलिन नोकरीला आलेल्या व्हिकीला. त्या काळी चुकलेला भाग पुन्हा पाहायची सोय नव्हती. मंगळवारी दातांच्या डॉक्टरकडे गेलेल्या बाईला बुधवारी सगळं समजायला हवं. म्हणून ओळीने सहा-सात भाग पाहू नयेत. दोन, फार तर तीन. त्यापुढे ‘काल रात्री ओल्ड हाउसमध्ये मी काय पाहिलं’ हे वाक्य पाचव्यांदा ऐकताना माणूस भूत बरं पण पाल्हाळ आवर म्हणू लागतो, आणि दोष बिचाऱ्या लेखकाच्या पदरात पडतो.

एक ठिकाण मात्र घाईत सोडू नये, भागाची पहिली दीड-दोन मिनिटं. आदल्या दिवशीचा शेवटचा प्रसंग तिथे पुन्हा येतो आणि आपण समजतो की तीच फीत लावलीय. बऱ्याचदा ती तीच नसते. नट दुसऱ्या दिवशी तो प्रसंग पुन्हा करतात. आदल्या भागाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एकापाठोपाठ लावून पाहा. वाक्यात एखादा शब्द इकडचा तिकडे झालेला असतो, उभं राहायची जागा हातभर सरकलेली असते, काल किंचाळलेली बाई आज नुसती श्वास रोखते. पैसे वाचवण्यासाठी एका भागात पाच-सहाच नट घेत. त्यामुळे काल खोलीत असलेला एखादा माणूस आजच्या भागात कामावर नसेल, तर त्याचं वाक्य गायब होतं किंवा भलत्याच्याच तोंडी जातं. एकाच क्षणाचे असे दोन प्रयोग शेजारी शेजारी दुसरीकडे कुठे सहसा बघायला मिळत नाहीत.

दुसऱ्यांदा पाहताना ‘डार्क शॅडोज’ नाटकासारखी दिसू लागते ती यामुळेच. चित्रीकरण दोन इंच रुंदीच्या व्हिडिओ टेपवर होई आणि ते सलग होई. ती टेप कापून जोडणं म्हणजे वेळ, पैसा आणि वर टेपचंही नुकसान. सकाळी तालीम, मग कॅमेऱ्यांसह तालीम, दुपारी मुद्रण. जाहिरातींच्या जागा ठेवून ओळीने सगळे अंक. मध्येच कुणी अडखळलं तर थांबायचं नाही. अगदीच सेट कोसळला तरच. म्हणून थडग्याचा दगड कोपर लागून डुलतो, तो तसाच राहतो. दार लावलं तरी आपोआप उघडतं, तेही राहतं. रॉजरचं काम करणाऱ्या लुई एडमंड्सच्या तोंडून ‘अँसेस्टर्स’च्या जागी ‘इन्सेस्टर्स’ निघून जातं, म्हणजे पूर्वजांच्या ठिकाणी भलतेच संबंध, आणि तो पुढचं वाक्य तितक्याच घरंदाज गांभीर्याने म्हणतो. बार्नाबसच्या चेहऱ्यावर माशी बसते. तो शतकांचा शाप बोलत असतो आणि माशी शांतपणे फिरत असते.

सगळ्यात जास्त वेळा दिसते ती बूम माइकची सावली. तिचं कारण साधं आहे. नटाच्या डोक्यावर लांब दांडीला माइक लटकत असतो आणि मुख्य दिवा समोरून, उंचावरून येतो. जमिनीवर चिकटपट्टीने खूण केलेली असते, तिच्यावर नट थांबला तर माइक उजेडाच्या वर राहतो. तो अर्धं पाऊल पुढे गेला की दांडीवाल्याला दांडी लांबवावी लागते, ती उजेड कापते, आणि मागच्या भिंतीवर एक लांबोडकं भूत सरकतं. मेणबत्त्यांचा, शेकोटीचा अंधुक उजेड दाखवायचा म्हणून एरवीच्या मालिकांसारखा सपाट प्रकाश इथे नसे. त्यामुळे सावली लपायला जागा उरत नाही. आवाजाचाही एक संकेत आहे. सावली यायच्या क्षणभर आधी नटाचा आवाज किंचित लांब गेल्यासारखा होतो, कारण माइक मागे पडलेला असतो. एकदा कान सरावला की सावली कधी येणार हे आधीच कळतं.

यासाठी टीव्हीची मांडणी नीट हवी. मूळ चित्र ४:३ आकाराचं आहे. आजच्या रुंद पडद्यावर ते ‘झूम’ करून पाहिलं तर वरचा भाग कापला जातो. माइक तर जातोच, पण एलिझाबेथचा अंबाडाही जातो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. संगणकावर पाहताना कुणी हात झटकला की त्याच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेषा दिसल्या, तर डीइंटरलेसचा पर्याय बंद आहे असं समजावं. जुनी टेप एका सेकंदात साठ अर्धी चित्रं नोंदवत असे, ती नीट जुळवली नाहीत की फणी उमटते. तो मालिकेचा दोष नाही.

आणि मग बार्नाबस.

जोनाथन फ्रिड हा कॅनडातल्या हॅमिल्टनचा. लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ ड्रमॅटिक आर्टमध्ये शिकलेला, येलमधून दिग्दर्शनाची पदवी घेतलेला, शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेला. रंगभूमीवरची थोडी धावपळ थांबवून शिकवायला जावं असं मनात असताना हे काम आलं, आणि थोड्या दिवसांचे पैसे मिळतील म्हणून त्याने ते घेतलं. रंगभूमीवरच्या नटाला एक भूमिका पाठ करायला आठवडे मिळतात. इथे रोज नवं बाड. फ्रिडचं पाठांतर आधीच कच्चं, त्यात वाक्यं लांबलचक आणि जुन्या वळणाची, कारण बोलणारा अठराव्या शतकातला. त्याची नजर मग टेलिप्रॉम्प्टरकडे जाते.

ही नजर ओळखायला एकदा शिकावं. दोघं बोलत असताना बार्नाबस समोरच्याकडे पाहत असतो. मग मान न हलवता फक्त बुबुळं सरकतात, कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला. वाक्याचा वेग उतरतो. शेवटचा शब्द तो एकदा पुन्हा म्हणतो, जणू त्या शब्दाचंच त्याला नवल वाटलंय. कधी डोळे मिटतो. मग पुढचं वाक्य सापडतं आणि ते तो गरजेपेक्षा जास्त जोर देऊन म्हणतो, सुटकेच्या भरात. समोर कॅथरीन ली स्कॉट (मॅगी) किंवा नॅन्सी बॅरेट (कॅरोलिन) असेल तर तिची तारांबळही पाहावी. ती एखादा प्रश्न घालून त्याला वाट काढून देते.

पहिल्या वेळी ही नुसती चूक वाटते. आठ-दहा भाग लक्ष देऊन पाहिले की वेगळंच दिसतं. हे पिशाच बोलताना थांबतं. त्याच्या डोळ्यांत भीती आहे. आपण कोण आहोत हे विसरून ते आठवायचा प्रयत्न करतंय, असं सतत वाटत राहतं. कागदावरचा बार्नाबस १९६७च्या वसंतात चक्क खलनायक आहे. तो गावातल्या मॅगी इव्हान्सला पळवून नेतो, तिला आपल्या मेलेल्या प्रेयसीचा, जोसेटचा, लग्नाचा पोशाख घालतो, जोसेटच्या संगीत-पेटीचा सूर पुन्हा पुन्हा ऐकवतो, आणि ती मानेना तेव्हा तळघरात कोंडतो. विलीला काठीने झोडपतो. यात कणवेसारखं काही लिहिलेलं नाही. ती कणव आली नटाच्या धास्तीतून. पत्रांचा ढीग पडू लागला, खुंटीचा बेत बारगळला, आणि लेखक जे पडद्यावर दिसत होतं त्याच्या मागे धावू लागले. हा माणूस दुःखी दिसतो, तर तो का दुःखी आहे हे लिहायला हवं. त्या धावण्यातून १७९५ जन्मलं. आडात नव्हतं, पण पोहऱ्यात आलं.

यात कुणी कुणाला मोठेपणा देऊ नये. फ्रिडने ठरवून हे केलं असं म्हणणं भाबडेपणाचं, आणि नुसता योगायोग म्हणणं त्याच्या कसबावर अन्याय करणारं. वाक्य हरवलेलं असतानाही तो माणूस पात्राच्या बाहेर पडत नाही. केप सावरतो, अंगठीवर बोटं फिरवतो, शेकोटीकडे वळतो आणि वळता वळता वाचून घेतो. तालमीत घडलेल्या नटाची ही वेळ मारून न्यायची विद्या आहे.

त्याला तोड मिळाली ती ग्रेसन हॉलची. डॉक्टर ज्युलिया हॉफमन २६५व्या भागात येते. मॅगीवर उपचार करणारी डॉक्टर, तीही थोड्या दिवसांची पाहुणी. हॉल ऑस्करसाठी नामांकन मिळालेली अभिनेत्री. आणि तिचा अभिनय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा, तोही अर्ध्या खोलीएवढ्या सेटवर. भुवया, सिगारेट, गळ्याशी गेलेला हात. फ्रिड कमी करतो तितकं ती जास्त करते. दोघांचे प्रसंग पाहताना लक्षात येतं की तो वाक्य शोधत असतो त्या रिकाम्या जागेत ती सतत काहीतरी करत असते, आणि ती जागा रिकामी राहत नाही. पुढे ज्युलिया त्याच्यावर प्रेम करू लागते, तो तिला मारायचा विचार करतो, मग तिच्याशिवाय त्याचं पान हलेनासं होतं. साडेतीन-चार वर्षांत या दोघांमध्ये जे घडतं ते एखाद्या जुन्या संसारासारखं आहे, आणि त्याची एकही ओळ आधी आखलेली नव्हती. ऑक्टोबर १९६७मध्ये तिच्या औषधाने बार्नाबस एकदम वृद्ध होतो. तो चेहरा रंगवला होता डिक स्मिथने, जो पुढे हॉलिवूडचा नावाजलेला रंगभूषाकार झाला. दुपारच्या मालिकेत एवढं बारीक काम पाहून आजही थबकायला होतं.

त्याच दिवसांतला ३४१वा भाग मुद्दाम पाहावा. बार्नाबस आणि ज्युलिया मिळून डॉक्टर वुडर्डला संपवतात. मालिकेतला हा सगळ्यात थंड खून. तेव्हा तंत्रज्ञांच्या संघटनेचा संप चालू होता आणि कॅमेऱ्यांमागे वाहिनीचे व्यवस्थापक उभे होते. वुडर्डची भूमिका करणाऱ्या रॉबर्ट गेरिंगरने संपकऱ्यांची रांग ओलांडायला नकार दिला, म्हणून शेवटच्या काही भागांत वुडर्ड म्हणून पीटर टर्जन दिसतो. कॅमेरा हेलकावतो, चौकट चुकते, आणि तरी तो खून अंगावर येतो. नकळत डुलणाऱ्या त्या कॅमेऱ्यामुळे कदाचित जास्तच.

आता पहिल्या २०९ भागांविषयी, कारण भांडण नेहमी तिथेच होतं. डीव्हीडीचे संच काढताना आधी २१०पासूनचे भाग आले, सुरुवातीचे भाग नंतर वेगळ्या नावाने निघाले. त्यामुळे कित्येकांच्या लेखी मालिका शवपेटीपासूनच सुरू होते. नवख्याने तसंच करावं. तिथून ४६१व्या भागापर्यंत, म्हणजे व्हिकी भूतकाळातून परतेपर्यंत, पाहिलं तर एक अख्खी गोष्ट हाती लागते. पण दुसऱ्या फेरीला पहिल्या भागापासूनच बसावं. हे भाग कृष्णधवल आहेत, आणि माझ्या मते मालिकेचं सगळ्यात देखणं चित्रीकरण त्यांतच आहे. एलिझाबेथचं काम करणारी जोन बेनेट ही १९४०च्या दशकातली हॉलिवूडची नायिका. काळ्या सावल्यांत चेहरा कुठे वळवायचा हे तिला सांगावं लागत नाही. अठरा वर्षं वाड्याबाहेर पाऊल न टाकलेली बाई ती नुसत्या खिडकीजवळ उभं राहण्यातून दाखवते.

हेही खरं, की याच भागांत ते पेन आहे. रॉजरचा जुना वैरी बर्क डेव्हलिन, त्याचं चांदीच्या नक्षीचं पेन. बिल मलॉय नावाचा माणूस मेला तिथे ते सापडल्याने संशय रॉजरवर येतो, आणि मग आठवडेच्या आठवडे सगळं गाव त्या पेनाभोवती फिरतं. ते सापडतं, दाखवलं जातं, चोरलं जातं, पुरलं जातं, उकरलं जातं. त्याआधी रॉजरच्या गाडीच्या ब्रेकमधली झडप त्याच्याच मुलाने, छोट्या डेव्हिडने, काढलेली असते, तिचंही असंच. पहिल्यांदा पाहणारा इथेच पळ काढतो. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला पेनाचा शेवट माहीत असल्याने तो एडमंड्सकडे बघत बसतो: भित्रा, उर्मट, ब्रँडीच्या पेल्यामागे लपणारा रॉजर, आणि प्रत्येक वेळी पेनाचं नाव निघालं की त्याच्या आवाजात चढणारा अर्धा सूर. तेवढ्यासाठी पेन माफ.

भुतं इथेच हळूहळू शिरतात. ७०व्या भागात ओल्ड हाउसमधल्या तसबिरीतून जोसेट उतरते आणि खांबांमधून फिरते. दोन कॅमेऱ्यांची चित्रं एकावर एक टाकून केलेली ही साधी युक्ती. रंग आल्यावर क्रोमाकी, म्हणजे निळ्या पडद्यापुढचं चित्र दुसऱ्यावर बसवायची युक्ती, आली, आणि भुतांच्या कडेला निळसर किनार दिसू लागली. तिच्यापुढे ही जुनी युक्तीच सरस वाटते. इथली जोसेट १८३०च्या आसपासची सांगितली जाते, पुढे ती १७९५ची होते. वंशावळ जुळवायला बसू नये, नाकी नऊ येतील.

रंग २९५व्या भागापासून, ११ ऑगस्ट १९६७. सुरुवातीचे रंग भडक आहेत. हिरव्या मेणबत्त्या आणि जांभळे पडदे पाहून दचकू नये, रंगीत संच नुकते खपू लागले होते आणि वाहिनीला पैसे वसूल करायचे होते. पुढे मधूनच एखादा भाग अचानक कृष्णधवल आणि धूसर निघतो. त्याची मूळ टेप उरलेली नाही, पडद्यावरचं चित्र फिल्मच्या कॅमेऱ्याने टिपून ठेवलेली प्रत उरलीय. तिला किनेस्कोप म्हणतात. त्या काळच्या दुपारच्या मालिकांच्या टेपा सर्रास पुसून पुन्हा वापरल्या जात. ‘डार्क शॅडोज’ जवळपास सगळी वाचली हेच नवल. पूर्ण हरवला तो एकच भाग, १२१९वा. कुणा प्रेक्षकाने घरी टीव्हीसमोर ध्वनिमुद्रण करून ठेवलं होतं, त्यावर स्थिरचित्रं लावून तो उभा केलाय. डोळे मिटून ऐकावा, जास्त परिणाम होतो. एरवीही रॉबर्ट कोबर्टचं संगीत निम्मं काम करतंच. पुढे येणाऱ्या क्वेंटिन या पात्राची धून तर १९६९मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १३व्या क्रमांकापर्यंत गेली.

१७९५कडे जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ३६५व्या भागात वाड्यात प्रेतात्म्याला बोलावायची बैठक बसते, मेणबत्त्या विझतात, आणि व्हिकी त्या काळात जाऊन पोहोचते. तिथे सगळे चेहरे ओळखीचे. जोन बेनेट आता बार्नाबसची आई नेओमी, एडमंड्स त्याचा बाप जोशुआ, कॅथरीन ली स्कॉट जोसेट. खर्चाच्या दृष्टीने करारातले नट वापरायलाच हवे होते, ही झाली व्यवहाराची बाजू. पण मॅगीला तळघरात कोंडून ‘तू जोसेट आहेस’ म्हणणारा बार्नाबस आठवा, आणि मग तोच चेहरा खरोखर जोसेटचा म्हणून समोर येतो. तो वेडा नव्हता, त्याला दिसत होतं ते खरं होतं, किंवा आपणच आता त्याच्यासारखे वेडे झालोय. नटांच्या करारातून असा धक्का निघू शकतो.

लारा पार्करची अँजेलिक हे या काळाचं इंजिन. जोसेटची दासी, चेटकीण, प्रेमात नाकारलेली. तिच्याकडे पाहताना तिचे डोळे पाहावेत, मंत्र म्हणताना ती पापणी लववत नाही. बिचारी व्हिकी मात्र कॉलिन्स घराण्याचा इतिहास छापलेलं पुस्तक बरोबर घेऊन भूतकाळात जाते, भविष्य जाणते म्हणून चेटकीण ठरते, आणि तरीही तेच पुस्तक सगळ्यांसमोर उघडत राहते. तिच्या भाबडेपणावर रागावून उपयोग नाही. व्हिकीचं काम करणाऱ्या अलेक्झांड्रा मोल्टकेने १९६८मध्ये मालिका सोडली, आणि व्हिकीचे आईबाप कोण हा पहिल्या भागातला प्रश्न मालिकेने कधीच सोडवला नाही.

यापुढचं निवडून पाहिलं तरी चालेल. १९६८च्या वसंतात सुरू होणारा स्वप्नांचा शाप खुशाल वगळावा. एकाला स्वप्न पडतं, त्यात दारं, प्रत्येक दारामागे एक भीती. ते दुसऱ्याला सांगितलं की त्याला तेच पडतं. म्हणजे तेच स्वप्न, तीच दारं, पुन्हा पुन्हा, कित्येक आठवडे. पहिलं आणि शेवटचं पाहावं. १८९७चं कथानक, ७००व्या भागापासून पुढे, एकही भाग न गाळता पाहावं. डेव्हिड सेल्बीचा क्वेंटिन, थेयर डेव्हिडचा काउंट पेटोफी, आणि लेखकांना सापडलेला असा वेग की पेन पुरणारी हीच का ती मंडळी, असा प्रश्न पडतो. त्यानंतरच्या लेव्हायथन पंथाच्या गोष्टीला मालिकेची धाप लागलेली दिसते. १९७०मध्ये समांतर काळात, म्हणजे तेच घराणं पण नशीब वेगळं अशा दुसऱ्या जगात, बार्नाबस कितीतरी दिवस पेटीत साखळदंडाने कोंडलेला राहतो, ते कथानकाला हवं होतं म्हणून नाही. फ्रिड तेव्हा लिंडहर्स्टला ‘हाउस ऑफ डार्क शॅडोज’ या चित्रपटाचं चित्रीकरण करत होता. पुन्हा साखळी, आणि या वेळी तिचं कारण वेळापत्रकात होतं.

शेवटची गोष्ट १८४१च्या समांतर काळातली. तिच्यात पिशाच नाही. फ्रिडला सुळे आणि केप नकोशी झाली होती. इथे तो ब्रॅमवेल नावाचा साधा, तापट माणूस आहे. तो या भूमिकेत जरा अवघडलेलाच वाटतो, वाक्यं मात्र तेवढीच हरवतात. १२४५व्या भागाच्या अखेरीस घरातल्या एका तरुणीच्या मानेवर दातांच्या खुणा आढळतात. घरात पुन्हा तीच कुजबुज. १९६७मध्ये अशा खुणा दिसल्या तेव्हा गावाने दोष जनावरावर ढकलला होता आणि आपण मनात हसलो होतो. आता थेयर डेव्हिडचा आवाज निवेदन करतो: या वाड्यात पिशाच नव्हतं, त्या खुणा या वेळी खरोखरच जनावराच्या होत्या.